राजवाड्याचा मागचा जिना

मला किळस फार. अगदी लहानपणापासून. दुसऱ्याच्या उष्ट्या कपाला बोट लावायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा, आणि नोकरी कुठे लागली तर राजवाड्याच्या चहाच्या खोलीत. दिवसभर साहेब लोकांचे उष्टे कप विसळायचे. कपात सिगारेटी विझवतात मेले. बशीत भिजलेल्या बिस्किटाचा लगदा सोडून उठतात. एक जण तर चहा संपला की कपातच खाकरून थुंकतो, आणि तो काही साधासुधा कारकून नाही, चांगला मोठा अधिकारी आहे. त्याचा कप मी चिमट्याने उचलते.

माझ्या थोरल्या जाऊबाई त्याच राजवाड्यात सफाईला. त्यांच्या कामापुढे माझं काम म्हणजे फुलं वेचणं. नळ्या तुंबल्या, कबुतर मरून सडलं, साहेबाच्या पोराला गाडीतून उतरल्या उतरल्या उलटी झाली, की हाक कुणाला, तर जाऊबाईंना. आणि त्या हात पुसत येतात, वाकतात, उचलतात, धुतात. तोंड वाकडं करणं नाही की नाकाला फडकं नाही. सुरुवातीला मला त्यांचीच शिसारी यायची, खरं सांगते. डबा खाताना मी त्यांच्यापासून जरा लांब सरकून बसायचे. त्यांनी ते बघितलं होतं. एकदा म्हणाल्या, "अगं धाकटे, साबण तुझ्यापेक्षा मलाच जास्त लागतो. माझे हात तुझ्याहून स्वच्छ असतात, बघ वास घेऊन." आणि खरंच हात माझ्या नाकाखाली धरला. मी 'शी' म्हणून ओरडले आणि त्या पोट धरून हसल्या.

आता तो राजवाडा कसा आहे ते ऐका. नाव राजवाडा, पण राजा त्यात एक दिवस राहिलेला नाही. गव्हर्नर राहायचे. पहिल्या गव्हर्नराच्या डोळ्यात शेजारच्या प्रांतातल्या गव्हर्नराचा बंगला सलत होता, म्हणून त्याच्यावर ताण करायला याने हे धूड उभं केलं. दगड लांबच्या खाणीतून आणला, संगमरवर बोटीने, आणि दर्शनी बाजूला खांबांची अशी रांग लावली की खालून बघताना मान अवघडावी. वर घुमट. घुमटाचा फायदा झाला फक्त कबुतरांना. म्हणे बांधून व्हायच्या आधीच तो गळायला लागला होता, आणि अजून गळतो. जाऊबाई खाली बादली लावतात.

नाचाचं मोठं दालन होतं, तिथे आता महसूल खातं बसतं. छतावर सोनेरी वेलबुट्टी होती, तिच्याखाली प्लायवुडचं दुसरं छत ठोकलं, आणि दोन छतांच्या मध्ये उंदरांनी संसार मांडला. नवा गव्हर्नर आला की रंग, नवा मंत्री आला की रंग. कोरीव दगडावर पिवळा ऑइलपेंट, त्यावर हिरवा, त्यावर पुन्हा पिवळा. खांबांवरच्या दगडी पानांची नक्षी कधीच बुजली, आता तिथे नुसते भिजल्या पिठाचे गोळे थापल्यासारखे दिसतात. माणसाने एवढा खर्च करून एवढं विद्रूप काही कसं बनवावं, मला कळत नाही. बघितलं की मळमळतं.

पण खरी घाण समोरून दिसत नाही, ती भिंतीच्या पोटात आहे. राजवाड्याला दोन जिने. समोरचा रुंद, पांढरा, दोन्ही बाजूंनी गव्हर्नरांचे अर्धपुतळे. मागचा भिंतीच्या जाडीत कोरलेला, गोल गोल फिरणारा, इतका अरुंद की बादली पोटाशी धरून तिरकं चढावं लागतं. त्याला वरच्या प्रत्येक खोलीत एकेक दार आहे, आणि त्या दारावर भिंतीसारखाच कागद चिकटवलेला, म्हणजे दार आहे हे कळूच नये. ज्याने हा नकाशा काढला त्याची अक्कल बघा! गव्हर्नरांना आणि त्यांच्या पाहुण्यांना घाण तर करायची होती, रोज करायची होती, पण ती उचलणारं माणूस डोळ्यांसमोर नको होतं. तेव्हा संडास नव्हते, पलंगाखाली चिनी मातीची भांडी असायची, वर फुलं रंगवलेली. सकाळी भिंतीतून बाया निघायच्या, भांडी उचलायच्या आणि पुन्हा भिंतीत शिरायच्या. जिन्याच्या तळाशी एक दगडी खोली होती, तिथे भांडी ओतायची आणि धुवायची. आमच्या सासूबाईंच्या सासूबाईंनी हे काम केलं. घरात कुणी ते बोलत नाही. कुणी विचारलंच तर सासूबाई म्हणतात, "राजवाड्यात होत्या त्या," आणि विषय बदलतात.

पुढे कुठल्याशा गव्हर्नराच्या बायकोने वर स्वतःची खोली आणि नाचाचं दालन यांच्या मधोमध संगमरवरी न्हाणीघर करून घेतलं आणि त्यात साखळी ओढायचा संडास बसवला. प्रांतातला पहिलाच. मग भांडी माळ्यावर गेली. तळाच्या खोलीत एका कोपऱ्याला आडोसा करून नोकरांसाठी संडास काढला, एक नळ दिला, आणि तीच खोली आम्हा कामवाल्या बायांकडे आली. झाडणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या, बागेतल्या, मी. कपडे तिथे बदलायचे, डबा तिथे खायचा, आणि जायचं तेही तिथेच. अख्ख्या राजवाड्यात आम्हाला दुसरी जागा नाही. साहेबांच्या संडासांना किल्ल्या आहेत. पुरुषांचं काय, राजवाड्याची मागची अख्खी भिंत त्यांचीच. उन्हाळ्यात त्या भिंतीकडची खिडकी उघडता येत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

जाऊबाई या कामाला लागल्या त्या सासूबाईंच्या जागी. सासूबाईंचे गुडघे गेले आणि थोरली सून उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हा राजवाडा बघून म्हणाली होती म्हणे, "एवढं मोठं घर! आणि झाडू एकच?" ते अजून सासूबाई सांगतात. पुढे थोरले दीर गेले, लेक लग्न होऊन लांब गेली, पण जाऊबाईंची जीभ काही बोथट झाली नाही. जिन्यावरचे अर्धपुतळे त्या रोज ओल्या फडक्याने पुसायच्या. "आज मिशीवाल्याला आंघोळ घातली. नाकात केवढा मळ! बायकोचं लक्ष नव्हतं वाटतं," असं मला येऊन सांगायच्या. राजवाड्याचा इतिहास मी त्यांच्याकडूनच असा ऐकलाय, कुणाच्या कानामागे धूळ बसते आणि कुणाच्या टकलावर कबुतरं बसतात.

मागच्या वर्षी त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं, पण त्यानंतर त्यांना लघवी धरता येईना. आली की आली, लगेच जावं लागतं, आणि नाही गेलं तर फजिती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पाणी भरपूर प्या आणि अजिबात अडवून धरू नका. हे फक्त मला ठाऊक. घरी सासूबाईंनासुद्धा सांगितलं नाही. म्हणाल्या, "खालची खोली जवळ आहे म्हणून निभतंय गं. ती नसती तर नोकरी सोडून घरी बसावं लागलं असतं. आणि घरी बसून मी काय करू? सासूबाईंचे टोमणे ऐकू?" वर हसल्या, पण मी त्यांचा चेहरा बघितला होता. घाबरल्या होत्या.

आणि नेमके तेव्हाच अत्तरसाहेब आले.

राजवाड्याचा जीर्णोद्धार करायचा म्हणून वरून ज्यांची नेमणूक झाली ते हे साहेब. नाव काही का असेना, आम्ही अत्तरसाहेबच म्हणायचो. ते जिन्याच्या वरच्या टोकाला असले की खालच्या टोकाला वास यायचा. सारखा रुमाल नाकाशी. बोलणं मऊ, सगळ्यांना 'अहो बाई' म्हणणार, पण बाईकडे बघणार नाहीत, तिच्या मागच्या खांबाकडे बघणार. त्यांनी महसूल खातं दुसरीकडे हलवलं, प्लायवुड उतरवलं, उंदीर पळाले, तिथवर माझी काही तक्रार नाही. रंगाचे थर खरवडायला माणसं लावली आणि खालून खरंच दगडी पानं निघाली. जाऊबाईंना ती पानं फार आवडली. "बघ गं, कोवळी दिसतात की नाही?" म्हणाल्या.

मग साहेबांना मागचा जिना सापडला. सापडला म्हणजे काय, आम्ही रोज त्यातूनच बादल्या नेत होतो, पण ते आपल्या मदतनिसाला म्हणाले, "हा तर खजिना आहे!" त्या काळोख्या, कुबट जिन्यात रुमाल काढून त्यांनी मोठा श्वास घेतला. मी चहा घेऊन मागेच उभी होते. ज्या जिन्यात आमच्या घरच्या बाईने दुसऱ्यांची घाण डोक्यावर वाहिली, त्यात हा माणूस फुलबागेत आल्यासारखा श्वास घेत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोन दिवसांत निरोप आला. मागचा जिना आणि तळाची खोली यांचं संग्रहालय होणार. बायांनी सामान हलवावं. आणि जायचं कुठे? तर फाटकाबाहेर बाजाराकडे सार्वजनिक संडास आहे, तिथे. फाटक म्हणजे अख्खी बाग ओलांडून, मग पहारेकऱ्याकडे सही, बाहेर, आणि परत येताना झडती. ते संडास मी एकदा बघितले आहेत. दार नाही, पाणी नाही, आणि पायाखाली काय आहे ते बघायची हिंमत झाली नाही. बाया म्हणाल्या, बरं, मग पाणीच प्यायचं नाही. सकाळी घरून निघायचं ते तोंड कोरडं ठेवूनच. मला एवढा संताप आला की मी तीन कप फोडले, आणि त्यातला एक त्या थुंकणाऱ्याचा होता.

जाऊबाईंनी हातातली बादली खाली ठेवली. हातपाय धुतले, केस नीट केले आणि सरळ अत्तरसाहेबांच्या खोलीत गेल्या. मी चहाचा ट्रे घेऊन पाठोपाठ, चहा कुणी मागवला नव्हता तरी.

"साहेब, खोली तेवढी राहू द्या," जाऊबाई म्हणाल्या. "जिना घ्या, भिंत घ्या. कोपऱ्यातला संडास आणि नळ तेवढा आम्हाला."

"अहो बाई, तीच तर गंमत आहे ना खोलीची," साहेब खांबाकडे बघत म्हणाले. मग पहिल्यांदाच त्यांनी जाऊबाईंकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत. "तुमच्या घरचं कुणी पूर्वी इथे कामाला होतं का?"

"माझ्या सासूबाईंच्या सासूबाई. त्या जिन्यातच होत्या."

साहेबांनी टाळीच वाजवली. उद्घाटनाला मंत्री येणार होते. फीत कापणं आता जुनं झालं, असं साहेबांचं मत. त्यांनी वरच्या न्हाणीघराची जुनी नळी दुरुस्त करून टाकीचं पाणी जोडलं होतं, आणि मंत्र्यांच्या हस्ते प्रांतातल्या पहिल्या संडासाची साखळी ओढून उद्घाटन होणार होतं. देवाशप्पथ! एवढे शिकलेले लोक बसून विचार करतात आणि त्यांना हे सुचतं. आणि त्याच्या आधी, मंत्री वर दालनात असताना, भिंतीतलं दार उघडून जुन्या वेषातली एक बाई भांडं घेऊन बाहेर येणार, नमस्कार करून पुन्हा भिंतीत जाणार. 'जिवंत इतिहास'. नाटकातली नटी आणायचं चाललं होतं, पण खऱ्या घराण्यातली बाई मिळाली तर काय बहार येईल!

"तुम्ही हे करा बाई," साहेब म्हणाले, "आणि खोलीचं मी बघतो. मागून एक दार काढून देता येईल तुम्हाला. शब्द देतो."

"भांडं रिकामं ना?" जाऊबाईंनी विचारलं.

साहेब खूप हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "करते."

घरी मी त्यांच्यावर तुटून पडले. सासूबाईंच्या समोरच. "ताई, लाज नाही वाटत? ते लोक टाळ्या वाजवणार, आणि तुम्ही भांडं घेऊन मिरवणार? जे आपल्या घरात कुणी तोंडाने बोलत नाही ते तुम्ही मंत्र्याला करून दाखवणार?"

सासूबाई पलंगावर पाय दाबत बसल्या होत्या. त्यांनी पाय दाबायचं थांबवलं. फक्त जाऊबाईंकडे बघून म्हणाल्या, "माझ्या सासूने पोटासाठी उचललं ते. तू कशासाठी उचलतेस?"

"पोटासाठीच," जाऊबाई म्हणाल्या. "जरा खालच्या पोटासाठी." आणि मग ऑपरेशननंतरचं सगळं सांगून टाकलं. इतके महिने लपवलेलं, एका दमात, भाजी निवडता निवडता. सासूबाईंनी ऐकून घेतलं. टोमणा मारला नाही. म्हणाल्या, "ती बाई घरी आली की आधी अंगणात अंग धुवायची. हिवाळ्यातसुद्धा. पोरांना जवळ घ्यायची नाही, वास येईल म्हणून. वास कधीच येत नव्हता." एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून निजल्या. मला रडू आलं आणि त्या अत्तरवाल्याची आणखीच किळस आली.

उद्घाटनाच्या दिवशी राजवाडा म्हणजे नवरीसारखा सजवलेला. पायऱ्यांवर कुंड्या, पुतळ्यांना हार. आम्हा बायांना एकसारखी ताटं दिली होती, फुलांची, वरच्या दालनात भिंतीला लागून उभं राहायचं आणि पाहुणे आले की फुलं टाकायची. मी चहाला. जाऊबाईंना सकाळीच करडा झगा चढवला, मागून नाड्या आवळल्या, डोक्याला पांढरं फडकं. हातात माळ्यावरून काढलेलं भांडं, घासून चकचकीत केलेलं, निळी फुलं असलेलं. आधी फोटोवाल्याने त्यांना जिन्यात वर-खाली करायला लावलं. पुन्हा एकदा, बाई. जरा वाकून, बाई. जरा दमल्यासारखं करा. त्या खरंच दमल्या होत्या.

"मी जरा खाली जाऊन येते," त्या मला म्हणाल्या. मीही गेले सोबत. जिन्याच्या तळाशी पोचलो तर खोलीला काचेचं दार आणि दाराला कुलूप. आत दिवा. आमच्या नळाजवळ मेणाची एक बाई उकिडवी बसवलेली, तसाच करडा झगा, तसंच फडकं, हातात भांडं, आणि चेहऱ्यावर हसू. हसू! भांडी धुताना ती बाई गालात हसत होती. कोपऱ्यातल्या संडासावर फळी ठोकून वर राजवाड्याचा नकाशा लावलेला. मागून दार काढणार होते तिथे कपाट रचलेलं, माहितीची पुस्तकं विकायला.

मी काचेवर मूठ मारली. "हा शब्द! हा त्याचा शब्द!" अशी ओरडले की वरून मदतनीस धावत आला. म्हणाला, साहेबांनी प्रयत्न केला पण जागा कमी पडली, आणि आता मंत्री येतायत, आवाज करू नका. किल्ली? किल्ली साहेबांकडे. साहेब फाटकाशी, मंत्र्यांच्या स्वागताला.

जाऊबाई काचेतून आत बघत होत्या. "बरी दिसते माझ्यापेक्षा," एवढंच म्हणाल्या. मग माझा दंड धरला. पकड अशी होती की मला कळलं, वेळ फार नाही.

"ताई, फाटकाकडे जाऊ या?"

"पोचणार नाही मी तिथवर. आणि मंत्र्यांच्या गाड्यांसाठी फाटक अडवून ठेवलंय, सोडणार कोण? चल वर."

मंत्री आले ते उशिराच. भाषण झालं, राजवाडा जनतेचा आहे म्हणाले, टाळ्या झाल्या. मी ट्रे घेऊन उभी होते आणि भिंतीवरच्या त्या कागद चिकटवलेल्या दाराकडे बघत होते. त्याच्या मागे, काळोखात, जाऊबाई पाय आवळून उभ्या होत्या हे मला माहीत होतं. भाषण संपेना. पहिला गव्हर्नर किती दूरदृष्टीचा, खांब कुठल्या शैलीचे, घुमट किती उंच. घुमट गळतो ते कुणी बोललं नाही. बागेतल्या बाया, झाडणाऱ्या बाया, सगळ्यांचे ओठ सुकलेले, सकाळपासून कुणी पाण्याला शिवलं नव्हतं, आणि हातात फुलांची ताटं. पाहुण्यांच्या हातात सरबताचे उंच ग्लास. मला त्या सगळ्या दालनाची, त्या सोनेरी छताची, त्या वासाची अशी शिसारी आली की वाटलं इथेच ओकावं, गालिच्यावर.

मग अत्तरसाहेबांनी खूण केली आणि भिंत उघडली. जाऊबाई बाहेर आल्या. हातात भांडं, तोंड पांढरंफटक. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक पाहुणीबाई म्हणाल्या, "अय्या, किती गोड!" मंत्री पुढे झाले, भांड्यात डोकावले आणि हसत म्हणाले, "रिकामं आहे ना बाई?"

"अजून तरी," जाऊबाई म्हणाल्या.

हशा पिकला. सगळ्यांना वाटलं, बाई मोठी विनोदी आहे. अत्तरसाहेब तर खूश झाले. "आता न्हाणीघर," त्यांनी जाहीर केलं, आणि जाऊबाईंना हळूच हाताने सांगितलं, जा, भिंतीत जा.

जाऊबाई भिंतीत गेल्या नाहीत. त्या सरळ अत्तरसाहेबांकडे आल्या, भांडं त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनी ते घेतलं! गडबडून, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. मग जाऊबाई भराभरा चालत न्हाणीघराच्या दाराशी गेल्या, कुणी आत जाऊ नये म्हणून आडवी बांधलेली मखमली दोरी वर उचलली, वाकून आत शिरल्या आणि दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज सगळ्या दालनाने ऐकला.

मंत्री दोरीपाशी उभे. त्यांच्यामागे दोन-चार मोठे अधिकारी, तो थुंकणाराही. अत्तरसाहेब पुढे झाले, पण हातात भांडं, दार ठोठावणार कसं? मग कोपराने ठोठावलं.

"बाई, बाहेर या. अहो बाई! हे प्रदर्शनासाठी आहे!"

"थांबा की जरा," आतून आवाज आला. "माणूस आहे आत."

तळाच्या खोलीचं कुलूप पुढच्या आठवड्यात निघालं आणि ती मेणाची बाई माळ्यावर गेली, पण ती वेगळी भानगड आहे, आणि त्या क्षणी तसं काही होईल हे कुणाला ठाऊक होतं? मला तर वाटलं, ताईंची नोकरी गेली, माझीही गेली. तरी मी जागची हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या राजवाड्यात मला कशाची किळस वाटत नव्हती.

मग साखळी ओढली गेली. जुनी नळी भिंतीतून अशी खडखडली की काचेची झुंबरं किणकिणली, आणि पाणी धो धो कोसळलं. झालं उद्घाटन. एकाही माणसाने टाळी वाजवली नाही.

कडी सरकली. जाऊबाई बाहेर आल्या, तिथल्याच भरतकामाच्या टॉवेलला हात पुसत. चेहऱ्यावर रंग आला होता. मंत्र्यांकडे त्यांनी बघितलं नाही, अत्तरसाहेबांकडे तर नाहीच. भिंतीला लागून उभ्या असलेल्या बायांकडे बघितलं. दोरी वर धरली आणि धरूनच ठेवली. बागेतली एक म्हातारी बाई पुढे झाली, फुलांचं ताट खाली ठेवलं आणि दोरीखालून आत गेली. तिच्या मागे दुसरी येऊन उभी राहिली. मग तिसरी. मंत्र्यांना एक पाऊल मागे सरकावं लागलं.

"तूही जाऊन ये गं धाकटे," जाऊबाई मला म्हणाल्या. "पाणी भरपूर आहे."

मी ट्रे त्या थुंकणाऱ्या साहेबाच्या हातात दिला आणि रांगेत उभी राहिले.